शिक्षक कीं गारुडी?

पदवीचा कागद हातीं पडतांच ‘पुढें काय?’ हा प्रश्न ज्याला पडत नाहीं असा तरुण आजच्या मध्यम वर्गांत विरळाच. या प्रश्नाला अलीकडे एक नवें उत्तर मिळूं लागलें आहे: घरीं बसावें, कॅमेरा लावावा आणि ऑनलाइन शिक्षक व्हावें. या उत्तरावरून आमच्या सुशिक्षित समाजांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ही शिक्षकीच नव्हे. दुसरा म्हणतो, शिक्षकाचें खरें स्वातंत्र्य यांतच आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि त्यांच्या भांडणांत खरा प्रश्न बाजूलाच राहिला आहे.

प्रथम निंदकांचा समाचार घेऊं. हे बहुधा आमचेच व्यवसायबंधु असतात. गुरुशिष्यांच्या प्रत्यक्ष सहवासावांचून विद्या नाहीं, असें ते म्हणतात. सहवासाचें मोल आम्हीही जाणतों. शंका विचारावी कीं नको अशा संकोचांत बसलेल्या मुलाचा चेहरा वर्गांत दिसतो तसा पडद्यावर दिसत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सहवास नाहीं म्हणून शिकवणेंच नाहीं, हें अनुमान इतिहासाला धरून नाहीं. आयझॅक पिटमननें १८४० मध्यें टपालानें लघुलिपि शिकविली. दिल्ली विद्यापीठानें १९६२ मध्यें पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानें १९८९ पासून, ज्यांना कॉलेजची पायरी चढतां आली नाहीं अशांना पदवीची वाट दाखविली. शिवाय मार्च २०२० मध्यें शाळा-कॉलेजें बंद झालीं, तेव्हां हेच निंदक पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवून शिकवीत होते आणि त्याबद्दलचा पगार निःसंकोचपणें घेत होते. तो अधर्म होता काय? आणि जेथें नेट-सेट उत्तीर्ण झालेल्या तरुणांना वर्षानुवर्षें तासिका तत्त्वावर राबविलें जातें, सुट्टीच्या महिन्यांत त्यांची चूल कशी पेटते याची चौकशी कोणी करीत नाहीं, त्या कॉलेजांतील कायम प्राध्यापकांनीं (आम्हीही त्यांतलेच) गुरुपरंपरेचा जप करावा हें शोभत नाहीं.

आतां स्तुतिपाठकांकडे वळूं. त्यांचें आवडतें पद ‘स्वातंत्र्य’. तें किती ठिसूळ आहे याचे दोन दाखले पुरेत. अमेरिकेंत घरीं बसून चिनी मुलांना इंग्रजी शिकविणाऱ्या हजारों शिक्षकांचा व्यवसाय, जुलै २०२१ मध्यें चीन सरकारनें परदेशांत राहणाऱ्या शिक्षकांना मनाई करतांच, बुडाला. आमच्याकडील बायजूज या कंपनीचें मोल २०२२ मध्यें बावीस अब्ज डॉलर मानलें गेलें. जुलै २०२४ मध्यें तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. ज्याची भाकरी अशा उंच शिडीच्या शेवटच्या पायरीवर ठेवलेली आहे, त्याला स्वतंत्र म्हणणें ही थट्टा होय.

खरा प्रश्न आहे तो मालकीचा. वर्गांतील व्याख्यान घंटा होतांच संपतें. कॅमेऱ्यापुढील व्याख्यान संपत नाहीं. तें एकदां दिलें कीं पुढील पांच वर्षें विकतां येतें, आणि शिक्षकाला मोबदला मात्र बहुधा पहिल्याच दिवसाचा. आमच्या एका माजी विद्यार्थिनीनें एका कंपनीसाठीं व्याकरणाचे साठ पाठ दिले. नोकरी सुटली, पाठ विकले जातच राहिले. ती विचारावयास आली तेव्हां आम्हीं तिचा करार वाचला. सर्व हक्क तिनें लिहून दिले होते, आणि तें कलम तिनें वाचलेंच नव्हतें.

आमचा कॉपीराइटचा कायदा याबाबतींत अगदींच आंधळा नाहीं. १९९४ च्या दुरुस्तीनें त्यांत प्रयोगकर्त्याची जी व्याख्या आली, तींत नट, गायक, जादूगार आणि गारुडी यांच्याच पंक्तीला व्याख्यान देणारा मनुष्यही बसविला आहे. त्याच्या प्रयोगावर त्याचा पन्नास वर्षें हक्क चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनें व्यापारी उपयोगाबद्दल त्याला स्वामित्वधनही देऊं केलें. कोणा प्राध्यापकास ही पंगत अपमानाची वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. गारुडी आपली पुंगी आणि टोपली कोणाला लिहून देत नाहीं. एवढें शहाणपण आम्हां पदवीधरांना आलें तरी पुष्कळ झालें.

कंपन्या म्हणतील, भांडवल आमचें, जाहिरात आमची, मग हक्क दुसऱ्याचा कसा? कागद आणि छपाई प्रकाशकाची असते; म्हणून ग्रंथकाराचें नांव पुसून त्याला एकाच रकमेंत वाटेला लावणें न्याय्य ठरत नाहीं. तोच न्याय येथें लावावा: पाठावर शिक्षकाचें नांव असावें, प्रत्येक वर्षाच्या विक्रींत त्याचा अंश असावा, आणि नोकरी सुटली तरी तो अंश सुटूं नये.

तरुणांस आमचें सांगणें इतकेंच: हा व्यवसाय अवश्य करा, त्यांत कमीपणा नाहीं, पण सही करण्यापूर्वीं करार विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखा तपासा. आणि आमच्या व्यवसायबंधूंस सांगणें असें कीं, या मुलांना शिक्षक म्हणावें कीं नाहीं याचा खल पुरे झाला. प्राध्यापकांच्या संघटनांचीं दारें त्यांना आणि तासिकेवाल्यांना एकाच वेळीं उघडावीं. तीं बंद ठेवून गुरूच्या थोरवीवर भाषणें करणाऱ्यांपेक्षां गारुडी बरा. निदान तो आपल्या खेळाला खेळच म्हणतो.