ग्रंथ कोणत्या पेटीत ठेवावा?

वाचकहो, कागदावरील पुस्तकास वाळवीचे भय असते, ते फोनवरील पुस्तकास नसते. म्हणून ते चिरंजीव झाले, असे मात्र कोणी समजू नये. पुस्तक ज्या फॉरमॅटमध्ये म्हणजे साच्यात बांधलेले असते, तो साचा उलगडणारे साधन उरले नाही की अक्षरे शाबूत असूनही पुस्तक मुके होते. आजोबांच्या आठवणी किंवा आजीच्या ओव्या संगणकावर उतरवू पाहणाऱ्या कुटुंबाने ह्याचा विचार प्रथम करावा.

प्रचारातील साचे मुख्यत्वे दोन. पहिला पीडीएफ. अडोबी कंपनीने तो १९९३ साली आणला आणि २००८ साली त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा लाभला. त्यात पान जसे मांडावे तसेच राहते. छपाईसाठी, चित्रांसाठी व कोष्टकांसाठी तो उत्तम होय. परंतु मोठे पान लहान पडद्यावर आले की वृद्ध वाचकास एकेक ओळ सरकवीत वाचावी लागते.

दुसरा ईपब, २००७ सालचा. त्यातील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. शिवाय हा साचा कोणा एका विक्रेत्याच्या मालकीचा नाही. किंडलवर स्वतःच्या फायली पाठविण्यासाठी ॲमेझॉनने पूर्वी मोबी नावाचा साचा चालविला होता. २०२२ साली त्या सेवेत ईपबला प्रवेश मिळाला आणि पुढे मोबीला निरोप देण्यात आला.

साच्याहून कठीण गोष्ट कुलपाची. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांस पैसे परत मिळाले, परंतु विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली म्हणजे पेटी आपल्या घरात असून काय उपयोग?

मराठी मजकुरास आणखी एक जपणूक हवी. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. तसेच पानांची नुसती छायाचित्रे काढून केलेल्या पीडीएफमध्ये एखादे नाव शोधू गेल्यास सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ती अक्षरे नसून चित्रे होत.

तेव्हा मूळ मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, वाचनासाठी ईपब करावा, छपाईसाठी पीडीएफ करावा. तिन्हींच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी, कुलपाविना ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. धान्याची कणगी आपण अधूनमधून पाहतोच. पूर्वजांच्या शब्दांनाही तेवढी काळजी नको काय?