द्राक्षांच्या मुलखात सायकल

सायकल हे आपल्याकडे दारिद्र्याचे लक्षण ठरून आता बराच काळ लोटला. एके काळी शाळामास्तर, टपालवाला, गिरणी कामगार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांना एकाच पातळीवर आणणारे हे वाहन, स्कूटर घेण्याची ऐपत येताच अंगणातल्या भिंतीला टेकवले गेले आणि पुढे यथावकाश भंगारवाल्याच्या हवाली झाले. जगातील अत्यंत महाग मद्य जेथे निपजते तो फ्रान्समधील मुलूख पाहण्याचे सर्वोत्तम साधन सायकल हेच होय, असे अशा समाजाला सांगितले तर त्यात थट्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु हे विधान थट्टेचे नाही आणि त्यामागील कारणे आपणही विचारात घ्यावीत अशी आहेत.

बर्गंडी प्रांतात दिजों शहरापासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर एक बुटकी डोंगररांग गेली आहे. तिच्या पूर्वेकडील उतारावर द्राक्षवेलींची एक चिंचोळी पट्टी आहे. या पट्टीचे बारीक बारीक तुकडे पडलेले असून प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. अशा नामांकित तुकड्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ क्लिमांचा मिळून युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आपल्या खेड्यांतही शेताशेताला नाव असतेच. कोणी ‘चिंचेचा मळा’ म्हणतो, कोणी ‘टेकाडावरची पट्टी’. फरक इतकाच की बर्गंडीतील मठांमधल्या साधूंनी आणि त्यांच्यानंतरच्या शेतकऱ्यांनी त्या नावांमागील मातीचा गुण शतकानुशतके पारखला, त्याची नोंद ठेवली आणि अखेर १९३५ पासून फ्रेंच कायद्याने अशा स्थाननामांना संरक्षणही दिले.

आता हा भेद डोळ्यांना दिसावा कसा? मोटारीतून हा पन्नास किलोमीटरांचा टापू तासाभरात मागे पडतो आणि प्रवाशाच्या पदरी एक हिरवी रेघ तेवढी येते. पायी हिंडणाऱ्याला दोन गावांतच दिवस पुरतो. सायकलीचा वेग मात्र या भूमीच्या मापाला नेमका जुळतो. बोन या गावापासून सांत्नेपर्यंत वेलींमधून जाणारी सुमारे बावीस किलोमीटरांची सायकलवाट आहे. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी अशी गावे तिच्यावर एकामागून एक लागतात. सपाटीवरच्या जमिनीत पाणी साचते, तेथील द्राक्षांची वाइन साधी. अगदी वरच्या अंगाला माती पातळ आणि हवा गार, तेथीलही मध्यमच. मधल्या उतारावर पाण्याचा निचरा उत्तम आणि सकाळचे ऊन भरपूर. सर्वोच्च प्रतवारीचे मळे बहुतेक तेथेच आहेत. ही गोष्ट ग्रंथात वाचून कळते, परंतु चढाला लागताच पोटऱ्यांना ती अधिक लवकर कळते. भूगोलाच्या अध्यापकांनी याची नोंद घ्यावी!

या उतारावर इतिहासही उघड्यावर पडलेला आहे. ‘क्लो द व्हूजो’ हा दगडी भिंतीने वेढलेला सुमारे पन्नास हेक्टरांचा मळा मध्ययुगात सिस्टर्शियन पंथाच्या मठाने उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतीत धर्मपीठाच्या आणि सरदारांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे नेपोलियनच्या कायद्याने सर्व अपत्यांना समान वाटा मिळू लागला. परिणामी एकेकाळी एका मठाच्या मालकीचा असलेला हा मळा आज सुमारे ऐंशी मालकांत वाटला गेला आहे. कोणाकडे चार-दोन ओळीच काय त्या! वाटण्यांनी शेतीचे तुकडे पडणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. येथून जवळच ‘रोमाने-कोंती’ हा १.८ हेक्टरांचा, म्हणजे जेमतेम साडेचार एकरांचा मळा आहे. त्याच्या एका बाटलीची किंमत लाखोंच्या घरात जाते. मळ्याला बुटकी भिंत आहे, कडेला एक दगडी क्रूस आहे आणि आत न शिरण्याची विनंती करणारी पाटी आहे. रस्ता मात्र सर्वांचा. भिंतीला सायकल टेकवून हव्या तितक्या वेळ त्या वेली पाहाव्यात. त्याला तिकीट नाही.

हा ‘सर्वांचा रस्ता’ आपोआप निर्माण झालेला नाही. सायकलयात्रेची कल्पना फ्रान्समध्ये रुजवली ती सेंत-एतियेन येथील पॉल द व्हिव्ही या गृहस्थांनी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते ओळखले जात. १८८७ मध्ये त्यांनी सायकलस्वारांसाठी नियतकालिक काढले आणि चढावर दातेरी चाके बदलता येतील अशा यंत्रणेचा आयुष्यभर पुरस्कार केला. ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीचे प्रवर्तक आंरी देग्रांज यांना ही यंत्रणा दुबळ्यांची वाटे. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी ती वापरावी, असे त्यांचे मत होते. त्या शर्यतीत तिला अनुमती मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर व्हेलोसिओ हयात नव्हते. १९३० मध्ये ट्रामची धडक बसून त्यांचा अंत झाला. शर्यतीचा इतिहास सर्वांना पाठ असतो. सामान्य माणसाला घाट चढण्याचे बळ देणाऱ्याचे नाव मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

दुसरी घटना राजकीय आहे. १९३६ मध्ये लेओं ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. विश्रांती खात्याचे तरुण उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या भाड्यात चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील हजारो जोडपी सायकली घेऊन शहराबाहेर पडली. त्यांपैकी कित्येकांनी आपला देश त्यापूर्वी पाहिलाच नव्हता. रजा प्रवास सवलतीच्या नियमांचा किस काढणाऱ्या आपल्या कारकून बंधूंना या घटनेचे महत्त्व अधिक जाणवेल. रिकामा वेळ ही श्रीमंतांची मिरास नसून श्रमिकाचा हक्क आहे, हे तत्त्व तेथे प्रथम कायद्यात आले आणि लगोलग सायकलीवर बसून खेड्यापाड्यांत पोहोचले.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. ज्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचा निर्देश आहे, त्या देशातील शिक्षकांपुढे मद्याच्या मुलखाची महती कशासाठी गावी? आक्षेप रास्त आहे आणि दारूने उद्ध्वस्त झालेले संसार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो उच्चारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तथापि सायकलयात्रेचे आद्य पुरस्कर्ते व्हेलोसिओ हे शाकाहारी होते आणि निदान यात्रेत तरी मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करा, असे ते बजावत असत. फ्रेंच कायदाही सायकलस्वाराला मोकळा सोडीत नाही. रक्तात लीटरमागे अर्धा ग्रॅम ही मद्यार्काची मर्यादा मोटारवाल्याइतकीच त्यालाही लागू आहे. तळघरात वाइन चाखून ती पिकदाणीत टाकण्याची तेथील जाणकारांची रीत आहे; पिकदाणीचा इतका सात्त्विक उपयोग आपल्याकडे कोणाला सुचला नसावा.

बोर्दो परिसराचा उल्लेख तर आपल्याला टाळताच येणार नाही, कारण ते नाव आपल्या द्राक्षबागाइतदारांच्या तोंडी रोजचे आहे. रस्त्याकडेच्या वेलींवरील घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील शेतकरी त्यांवर मोरचूद आणि चुना मारीत. केवडा रोगाने बाकीचे मळे करपत असताना नेमक्या याच वेली हिरव्या राहिल्या, हे १८८२ मध्ये प्राध्यापक मियार्दे यांच्या ध्यानात आले. १८८५ मध्ये त्यांनी त्याचे प्रमाण प्रसिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. आज त्याच परिसरातील खप घटल्याने अडचणीत आलेले शेतकरी २०२३ पासून सरकारी अनुदान घेऊन हजारो हेक्टरांवरील वेली उपटून टाकीत आहेत. बोर्दोहून सोव्हतेर गावाकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावर सायकलवाट केलेली आहे. १९३७ ची शर्यत जिंकणाऱ्या रोजे लापेबी यांचे नाव तिला दिले आहे. या परिसरातून जाणाऱ्या प्रवाशाला वैभवाबरोबर ही उजाड शिवारेही दिसतात आणि दिसावीत. आलिशान वाड्यात मुक्काम, सामान वाहायला मागून मोटार आणि रात्री सात पदार्थांचे जेवण अशा ज्या सहली विकल्या जातात, त्यांत हे दर्शन बहुधा वगळलेले असते.

आपल्याकडे नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने फसफसणारी वाइन केली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि त्यानंतर नाशिक-दिंडोरीच्या बाजूस ‘वाइन पर्यटन’ हा शब्द रूढ झाला. फ्रान्सकडून आपण वेलींचे वाण घेतले, यंत्रे घेतली, चाखण्याची दालनेही घेतली. गावरस्त्यांवर सायकलस्वाराला निर्धास्तपणे जाता यावे ही व्यवस्था मात्र घेतली नाही, कारण ती विकत मिळत नाही. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलीला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखलेच पाहिजे असा नियम आहे. २०१९ च्या वाहतूकविषयक कायद्याने नव्या रेल्वेगाड्यांत सायकलींसाठी जागा ठेवणे आवश्यक केले आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मोटारींसाठी पटांगणे बांधणे सोपे. परंतु निफाडच्या शाळेतील मुलीला उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून सायकल काढीत घरी जावे लागते, तिला त्या पर्यटनाचा काय लाभ? रस्ता तिच्यासाठी सुरक्षित झाला, तर परगावचा सायकलस्वार त्यावर आपोआप येईल.

बर्गंडीत झिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या लोहमार्गावर १९९७ मध्ये फ्रान्समधील पहिला ‘हरित मार्ग’ तयार झाला. रूळ काढले, पण जमीन विकली नाही. क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना याच जुन्या मार्गावर सुमारे सोळाशे मीटरांचा एक बोगदा लागतो. त्यात वटवाघळे शीतनिद्रा घेतात, म्हणून हिवाळ्यात तो बंद ठेवतात आणि त्या दिवसांत जाणाऱ्यांना सायकल घेऊन वरची खिंड चढावी लागते.