चांगल्या सेवेची पावती

लग्नघरातील मंडळी मुंबई-पुण्याहून चेन्नईला गेली, की त्यागराय नगरची एक फेरी ठरलेलीच असते. नल्ली चिन्नसामी चेट्टी यांनी १९२८ मध्ये तिथे रेशमी साड्यांचा व्यवसाय सुरू केला. आज पनगल पार्कच्या आसपास कांचीपुरम साड्यांची मोठमोठी दुकाने आहेत.

साडीखरेदी तशी वेळखाऊच. गिऱ्हाईक खुर्चीवर आरामात बसते. समोरची विक्रेती उभी असते. एकमेकींची भाषा कळत नाही, तरी ती काठ दाखवते, पदर उलगडते, रंग उजेडात धरते. वीस साड्यांचा ढीग पडतो, त्यातली एक पसंत होते. मंडळी पिशवी उचलून निघतात. उरलेल्या एकोणीस साड्यांच्या घड्या तिलाच घालायच्या असतात.

या उभे राहण्याची दखल अखेर कायद्याला घ्यावी लागली. केरळात कापडदुकानांतील स्त्रियांनी आंदोलन केले आणि २०१८ मध्ये तिथे दुकानातील कामगारांना बसण्याचा हक्क मिळाला. तमिळनाडूने २०२१ मध्ये आपल्या १९४७ च्या दुकानविषयक कायद्यात तशीच दुरुस्ती केली. कामगारांसाठी बसण्याची सोय हवी आणि काम नसेल तेव्हा त्यांना बसता यावे, असे हा कायदा सांगतो.

पण कायद्याने स्टूल आले, तरी त्यावर बसण्याचा संकोच जाईलच असे नाही. ‘बसून काय राहिलीस?’ अशी नजर गिऱ्हाइकाने टाकली, की ती लगेच उठते. तेव्हा तिला बसू देणे हेही एक प्रकारचे आभार मानणेच आहे. दोन साड्यांत निवड चालू असेल, तर तिला खुणेने ‘बसा’ म्हणता येते. नको असलेल्या साड्या बाजूला सारल्या, तर तिचे काम हलके होते. निघताना ‘नन्री’ म्हणावे. तमिळमध्ये थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणतात. हा शब्द तर आपल्याही घरातला!

तोंडी आभारांपुढे आणखी एक पायरी आहे. तक्रार असली, की आपण थेट मालकाला गाठतो. १९८६ च्या आणि आता २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्याचा मार्गही दिला आहे. तो वापरायलाच हवा. मात्र काम चोख झाले, तर मालकाकडे कोण जाते? चूक वरपर्यंत पोहोचते आणि मेहनत काउंटरवरच राहते. म्हणून बिल देताना व्यवस्थापकाला तिचे नाव सांगून नेमके काय आवडले ते सांगावे. ‘सेवा छान’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘यांनी आजींसाठी वजनाला हलकी साडी शोधून दिली’ हे वाक्य लक्षात राहते. अभिप्रायाची वही असेल, तर तेच तारखेसह लिहावे. पगारवाढीच्या वेळी अशी ओळ तिच्या बाजूने बोलू शकते.

रेल्वेच्या ‘रेल मदद’वर तक्रारीप्रमाणे कौतुकही नोंदवता येते. परतीच्या प्रवासात एखाद्या कर्मचाऱ्याने आपुलकीने मदत केली, तर गाडीचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवावी. घरी पोहोचल्यावर, सामान लावण्याच्या गडबडीत विसरण्यापूर्वी, चार ओळी लिहून टाकाव्यात.