डागाळलेल्या सूर्याचें तेज

भांड्यावर डाग पडले म्हणजे त्याची झळाळी उणी होते, हा घरोघरचा अनुभव आहे. सूर्याची गोष्ट मात्र उलट आहे. सुमारें ११ वर्षांच्या अंतरानें त्याच्या बिंबावर डागांची गर्दी होते, आणि नेमका त्याच काळीं तो किंचित् अधिक तेजस्वी असतो.

डाग भोंवतालच्या भागाहून थंड असतात. तेथील प्रबल चुंबकशक्ति आंतून वर येणारी उष्णता अडवून धरते. मोठा डागसमूह बिंबाच्या मध्यावरून जात असतां सूर्याचें तेज कांहीं दिवस खरोखरच घटतें. परंतु त्याच चुंबकशक्तीमुळें डागांच्या आसपास व दूरवरही बारीक, उजळ ठिपके उमटतात. ते डागांसारखे डोळ्यांत भरत नाहींत; पण त्यांचा पसारा मोठा, आणि अखेर जमाखर्च मांडला म्हणजे त्यांचीच बाजू वरचढ ठरते.

हा फरक आहे तरी केवढा? वातावरणाबाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारें १३६१ वॅट शक्ति पडते. चक्रांतील चढउतार हजारांत एक भाग! अमेरिकेंतील चार्ल्स ॲबट ह्यांनीं कित्येक दशकें डोंगरमाथ्यांवरून हें तेज मोजण्याचा उद्योग चिकाटीनें चालविला. पण हवेंतील धूळ व बाष्प ह्यांचा घोळ कांहीं निस्तरेना. १९७८ मध्यें निंबस-७ आणि १९८० मध्यें सोलर मॅक्झिमम मिशन हे उपग्रह वर गेले, तेव्हां निकाल लागला. डाग कमी तर सूर्याची उष्णता कमी व गहूं महाग, असें विल्यम हर्शेल ह्यांनीं १८०१ सालीं सुचविलें होतें, आणि त्यांची थट्टाच झाली. गव्हाचा हिशेब सोडून द्या. तेजाबद्दलची अटकळ मात्र खरी निघाली.

पृथ्वी तापते आहे ती सूर्यामुळेंच, असें अलीकडे पुष्कळ सुशिक्षितही बोलतात. आम्हांस तें मान्य नाहीं. ह्या चक्रानें पृथ्वीचें उष्णमान सुमारें एकदशांश अंश चढतें आणि पुन्हां तितकेंच उतरतें. उपग्रहांच्या मोजणींत १९७८ पासून सूर्याचें तेज एकसारखें वाढत गेल्याचें दिसत नाहीं; कोळसा व खनिज तेल जाळून निघणारा कार्बन डायॉक्साइड वायु मात्र हवेंत सांचतच गेला आहे. २००८-०९ च्या सुमारास सूर्य जवळजवळ शतकांत झाला नव्हता इतका शांत होता. तरीही लागलीच आलेलें २०१० साल तोंवरच्या नोंदींतील अत्यंत उष्ण वर्षांपैकीं एक ठरलें.