बुजरा घोडा

लग्नसराईत पर्वत पाटियाच्या रस्त्याने सायंकाळी वरात निघाली म्हणजे आमचे लक्ष नवरदेवाकडे न जाता त्याच्या घोड्याकडे जाते. बँडचा कल्लोळ, फटाक्यांची लड, मागून भोंगा वाजविणारी बस, आणि या सर्वांच्या मध्ये डोळे पांढरे करून थरथरणारे ते मुके जनावर! गेल्या लग्नसराईत अशाच एका वरातीत घोडा बुजला व मागच्या दोन पायांवर उभा राहिला. नवरदेव कसाबसा बचावला. भोवतालच्या मंडळींनी एकमुखाने निकाल दिला : "घोडा खोडकर आहे, दोन फटके द्या!" मोतद्दाराने मात्र फटका दिला नाही. हा घोडा पूर्वी शर्यतीत धावत असे, एवढेच तो म्हणाला. मंडळींच्या त्या निकालाशी आमचा मतभेद आहे.

शर्यतीचा घोडा २ वर्षांचा होतो न होतो तोच मैदानात उतरतो. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १८८३ पासून शर्यती होत आल्या आहेत. पावसाळ्यात त्या पुण्यास होतात. बहुतेक घोड्यांची कारकीर्द ५-६ वर्षांच्या वयात, कित्येकांची त्याहूनही आधी, आटोपते. आयुष्य मात्र २५ वर्षांचे असते. उरलेली ही वर्षे त्याने कोठे व कशी काढावी?

पुष्कळांना वाटते की, जो घोडा वाऱ्यासारखा धावतो त्यावर सामान्य स्वारासही सहज बसता येईल. येथेच फसगत होते. लगाम ताणला की घोडा थांबतो अशी आपली समजूत; शर्यतीच्या घोड्यास तर ताणलेल्या लगामावर भार टाकून अधिक जोराने धावण्याची सवय झालेली असते. जॉकी आखूड रिकिबींत पाय ठेवून पाठीवरून अधर उचललेला असतो. त्याचे पाय घोड्याच्या बरगड्यांना विळखा घालीत नाहीत. अशा घोड्यावर नवशिका बसतो, भितो, पाय आवळतो आणि लगाम ओढतो. तोंडाने तो 'थांब' म्हणतो, हातपाय 'पळ' म्हणतात. घोड्याने ऐकावे तरी कोणाचे?

म्हणून नवे शिक्षण जुने विसरण्यापासून सुरू करावे लागते. प्रथम काही आठवडे, कधी काही महिने, त्याच्या पाठीवर कोणी बसूच नये. चंदी कमी करावी, गवत भरपूर द्यावे, मोकळ्या जागेत सोडावे. घोड्याचे जठर लहान. निसर्गाने त्यास दिवसाचा मोठा भाग चरत राहण्यासाठी घडविले आहे. धान्यावर पोसलेल्या व बहुतेक वेळ तबेल्यात कोंडलेल्या शर्यतीच्या घोड्यांत पोटातील व्रण फार आढळतात. पोटात दुखत असता खोगीर आवळले म्हणून तो चावावयास धावला, तर त्यास खोड म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. तेव्हा आधी पशुवैद्य. त्याने पाठ, दात, पाय पाहावेत. मग दोरी धरून नुसते चालणे, थांबणे, मागे सरणे. मग लांब दोरीवर वर्तुळात फिरविणे, आणि तेही दोन्ही अंगांनी, कारण वेगाने एकाच बाजूस वळण्याची त्यास सवय झालेली असते. स्वार चढत असता स्वस्थ उभे राहणे हादेखील त्याला नवाच धडा असतो. जॉकीस पायाला आधार देऊन वर चढवितात, आणि त्या वेळी घोडा पुष्कळदा चालतच असतो.

आणि भीतीचे काय? घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांस असल्यामुळे नाकापुढील व शेपटीमागील थोडी जागा सोडून सारे क्षितिज त्याला दिसते. पळून जाणे हेच रानात त्याचे शस्त्र होते. वाऱ्याने उडालेली पिशवी पाहून तो बुजला आणि आपण चाबूक ओढला, तर पिशवी आणि वेदना यांची त्याच्या मनात कायमची गाठ पडते. पुढच्या खेपेस तो दुप्पट बुजेल. आपल्या भाषेत घोडा शिकविणाऱ्यास 'चाबूकस्वार' म्हणतात, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच लिहून ठेविले की, रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये.

बालवीर अलेक्झांडरची गोष्ट विद्यार्थिमित्रांस ठाऊक असेल. ब्युसेफॅलस हा घोडा स्वतःच्या सावलीस भितो हे त्याने ओळखले, त्याचे तोंड सूर्याकडे फिरविले आणि मांड टाकली, असे प्लुटार्क सांगतो. आम्हांस ही गोष्ट निम्मीच पटते. भीतीचे कारण शोधणे खरे. पण एका दुपारी घोडा वश झाला हे वाचून मुलांस उगीच वाटते की, युक्ती सापडली की काम झाले. प्रत्यक्षात वर्षही लागते, आणि काल शिकलेला घोडा आज पुन्हा बुजतो.

एवढा वेळ व खर्च कोणी सोसावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. चंदी, नाल, मोतद्दाराचा पगार कोणास चुकला आहे? आमचे मत असे की, ज्याच्या पायांवर बक्षिसे मिळाली त्याच्या पुढील शिक्षणाचा वाटा त्याच बक्षिसांतून आधीच काढून ठेवावा. इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांच्या पुनर्शिक्षणासाठी २००० साली स्वतंत्र संस्थाच निघाली. आपल्याकडे काही घोडे रायडिंग क्लबांत सुखाने राहतात, हे खरे. पण ज्याचे शिक्षण झालेच नाही त्यास बँडपुढे उभा करणे आम्हांस मान्य नाही, मग वरात कोणाचीही असो.

आमच्यापैकी पुष्कळांची मूळ घरे खानदेशात. दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो; तेथील तापीच पुढे आपल्या सुरतेस येते. खरेदीदार उंची, रंग, भोवरे, चाल सारे निरखून पाहतात. यंदा जाल तेव्हा आणखी एक गोष्ट पाहा : दात तपासण्यास माणूस पुढे झाला, तेव्हा घोड्याचे कान कोठे गेले?

त्या सायंकाळी मोतद्दाराने घोड्यास बाजूच्या गल्लीत नेले, त्याच्या खांद्यापाशी उभा राहून तो हळूहळू मान चोळीत राहिला. दहा मिनिटांनी घोड्याने मान खाली घातली व लांब श्वास सोडला. तोवर नवरदेव पायीच मंडपात पोचला होता, आणि घोडे खरोखरच वरातीमागून आले.