वरची फळी

रविवारी एक स्नेही घरी आले होते. चहा घेता घेता त्यांनी सांगितलं, लेकीच्या हट्टाखातर शनिवारी घरात लॅब्राडॉरचं पिल्लू येणार. त्यांच्याकडे सहा वर्षांची मांजर आहे, म्हणून मी विचारलं, "मग मनीचं काय?"

"मनीचं काय करायचंय? चार दिवस फिस्कारेल, मग होईल सवय."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तीन वर्षांपूर्वी याच घरात, याच खिडकीपाशी बसून अगदी हेच वाक्य मी बोलले होते. आणि ते आमच्या मांजरीला, टक्कीला भोगावं लागलं.

आमची सोनटक्की या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. गच्चीच्या जिन्यात सापडली तेव्हापासूनची तिची हकिगत इथे अधूनमधून येत असते. बंड्याबद्दल मात्र मी फारसं लिहिलेलं नाही, कारण तो आला त्या दिवसाची आठवण मला नकोशी वाटते. धाकट्या भावाची बदली झाली, तिकडच्या भाड्याच्या घरात कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून बंड्या आमच्याकडे आला. गावठी, तांबूस, तीन वर्षांचा आणि स्वभावाने गरीब. आम्ही दार उघडलं, त्याचा पट्टा सोडला आणि आता काय गंमत होते ते बघायला सगळे हॉलमध्ये उभे राहिलो. भाच्याने तर मोबाइलही काढला होता.

बंड्याने टक्कीला पाहिलं, पुढचे पाय जमिनीला टेकवले, मागची बाजू वर केली आणि शेपूट जोरजोरात हलवायला लागला. कुत्र्यांच्या भाषेत हे सरळ आमंत्रण आहे, चल, खेळू या. पण समोर दबून रोखून बघणारा प्राणी मांजरीला झडप घालायच्या तयारीतलाच दिसतो. शेपूट झपाझप हलते तीही तिच्या हिशेबी रागानेच. टक्की एका उडीत फ्रिजच्या मागे गेली. बंड्या बिचारा तिथे नाक खुपसून कुईकुई करत बसला आणि आम्ही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवस ती तिथून हलली नाही. माशाचा तुकडा पुढे सरकवला, तिने हुंगलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी लघवीला बसून ती कण्हायला लागली तेव्हा तिला पिशवीत घालून दवाखाना गाठला. मांजर काही दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठत जाते आणि ते जिवावर बेतू शकतं, हे मला तिथे कळलं. नुसत्या ताणानेही मांजरीच्या मूत्राशयाला सूज येते, हेही तिथेच कळलं. आपण ज्याला 'सवय होणं' म्हणतो ते चालू असताना तिचं शरीर आतून असं मोडत होतं.

तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री आणि मांजरं एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास केला होता, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. मांजर आधी आलेली असेल, ती सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना दोघांची गाठ पडली असेल, तर चांगलं जमतं असं त्यांना आढळलं. दोघं एकमेकांच्या खुणाही वाचायला शिकतात. मांजरं नाकाला नाक लावून ओळख देतात, तशी ती कुत्रीही द्यायला लागतात. आमच्याकडे मात्र दोन्ही वयं केव्हाच उलटलेली होती.

दवाखान्यातून परत आल्यावर मला एकदम आजोळ आठवलं. राजापूरकडचं कौलारू घर. तिथे काळ्या नावाचा कुत्रा होता आणि दोन-तीन मांजरी तर कायमच्या. त्यांचं कधी फारसं वाजलेलं मला आठवत नाही. आजी काही त्यांची ओळख वगैरे करून द्यायला बसली नव्हती. ते काम घरच करत होतं. काळ्याचा मुक्काम अंगणात, पावसाळ्यात फार तर पडवीत. उंबरा ओलांडायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक. मांजरींचं राज्य माजघरात, चुलीजवळच्या उबेत, आणि तिथून वर. भिंतीत कोनाडे होते, फडताळ होतं, फडताळावरून माळा, माळ्यावरून तुळई, तुळईवरून कौलांखालची फट आणि फटीतून थेट फणसावर. जमिनीला पाय न लावता मांजर सगळं घर फिरून यायची. काळ्या अंगणातून मान वर करून बघायचा, जांभई द्यायचा आणि परत पायांवर तोंड ठेवायचा. जिथे आपण पोचू शकत नाही तिथलं मांजर कुत्र्याच्या लेखी पक्ष्यासारखंच.

वाडे गेले, कौलारू घरं गेली, त्याबरोबर माणसांचं काय काय गेलं यावर भरपूर लिहून झालंय. मांजरीची उंची गेली, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आपले फ्लॅट माणसाच्या कमरेपर्यंतच भरलेले असतात. सोफा, टेबल, पलंग, सगळं कुत्र्याच्या तोंडाच्या टप्प्यात. वर गुळगुळीत भिंत आणि पंखा. जिथे माळे आहेत तिथेही खालून सामान दिसू नये म्हणून प्लायवूडची दारं लावलेली. कोनाड्यात दिवा ठेवायचा नसेल तर कोनाडा कशाला, असा आपला हिशेब. आणि अशा घरात आपण कुत्रा आणतो, मांजरीचा जमिनीवरचा रस्ता बंद करतो, आणि वर म्हणतो सवय होईल. घाबरलेल्या जिवाला सवय होण्याआधी पळायला जागा लागते.

मी सुताराला बोलावलं. फ्रिजच्या वर एक फळी, तिथून दीड हातावर दुसरी, मग पुस्तकांच्या कपाटाचा माथा मोकळा केला आणि स्वयंपाकघरातल्या माळ्याचं एक दार काढूनच टाकलं. पाय घसरू नयेत म्हणून फळ्यांवर गोणपाट ठोकलं. बंड्याला आतल्या खोलीत ठेवला. जुना पंचा टक्कीच्या गालांवरून फिरवून बंड्याच्या ताटलीखाली घातला आणि त्याच्या अंथरुणाचा तुकडा तिच्या ताटलीखाली. मांजरीच्या गालांत वासाच्या ग्रंथी असतात, 'हे माझं' असं ती गाल घासूनच सांगते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं. ताटल्या रोज वीतभर जवळ. तिचा मातीचा ट्रे न्हाणीघरात ठेवला आणि दार दोरीने असं बांधलं की ती आत जाईल, तो जाणार नाही. कुत्री त्या ट्रेतही तोंड घालतात, आणि खाली तोंड, मागे कुत्रा अशा ठिकाणी मांजर दुसऱ्यांदा बसत नाही.

दार उघडलं ते एकविसाव्या दिवशी, बंड्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्टा माझ्या हातात. तिच्याकडे बघून त्याने नजर फिरवली की त्याला चिकनचा तुकडा. नजर फिरवणं हेच त्याला शिकवायचं होतं, कारण डोळ्याला डोळा भिडवणं मांजरीला धमकीसारखं वाटतं. टक्की माळ्यावरून हे सगळं बघत होती. तिला कुणी खाली ओढली नाही, उचलून त्याच्यासमोर धरली नाही. फ्रिजवरून ती आपण होऊन ओट्यावर आली तेव्हा दीड महिना झाला होता, आणि त्याच्यासमोर फरशीवर पाय ठेवला तेव्हा पाच महिने. आज दोघं एकत्र झोपतात असं मुळीच नाही. तो खाली असतो, ती वर असते. संध्याकाळी ती खाली येते, त्याच्या नाकाला नाक लावते, पाणी पिते आणि वर जाते. तिने त्याच्या कुशीत झोपावं अशी माझी इच्छाही नाही. स्वतःच्या घरात तिला शेपूट उभी ठेवून चालता आलं, मला तेवढं हवं होतं.

रविवारी हे सगळं मी त्या स्नेह्यांना सांगितलं, बहुधा जरा जास्तच तळमळीने. ते गप्प बसून ऐकत होते, पटलं की नाही ते कळलं नाही. मंगळवारी रात्री त्यांचा फोन आला.

"फळीची रुंदी किती ठेवली होती?"

"दहा इंच. आणि नुसत्या खिळ्यांवर ठेवू नका, ब्रॅकेट मारून घ्या. उडी मारताना हलली तर ती परत पाय ठेवणार नाही."

पिल्लू शनिवारी येतंय. सुतार शुक्रवारी येतो म्हणाला आहे. तो आला नाही तर आणखी आठवडाभर पिल्लाला आहे तिथेच राहू द्या, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.