कंट्रोलर तुमचा, कुलूप कुणाचं?

मंडळी, आजचा विषय गेमिंगचा वाटेल, पण तो निव्वळ गेमिंगचा नाही. त्यामुळे न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

आपल्या सांताक्रूझचं नाव इलेक्ट्रॉनिक्सला चिकटलं ते १९७३ साली. सिप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. (आहे अंधेरी पूर्वेला, पण नाव आपलं!) आज तिथे मुख्यतः दागिने घडतात आणि सॉफ्टवेअर लिहिलं जातं. आत जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या डिग्रीवर इलेक्ट्रॉनिक्स छापलेलं असतं, आणि हातात सोल्डरिंग गन शेवटची कधी घेतली ते कुणालाच आठवत नसतं.

अशा इंजिनिअरच्या महागड्या कंट्रोलरची स्टिक बिघडते. बोट न लावता गेममधला हिरो आपला चालतच सुटतो. आतल्या पोटेन्शिओमीटरची पट्टी झिजलेली असते, बाकी सगळं ठणठणीत. साहेब काय करतात? अ‍ॅप उघडून नवा मागवतात आणि जुना ड्रॉवरमध्ये टाकतात. 'रिपेअर करायला वेळ कुणाकडे आहे राव!' माझं भांडण या वाक्याशी आहे.

कारण आता परिस्थिती अशी आहे की रिपेअर सोडाच, अख्खा कंट्रोलर घरी बनवता येतो. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड २०२१ साली ४ डॉलरला आला, इथेही काही शे रुपयांत मिळतो. त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं ओपन सोर्स फर्मवेअर चालतं, एमआयटी लायसन्सचं. बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून धरून केबल लावायची, कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल ओढून टाकायची. झालं इन्स्टॉल. प्रत्येक बटणाची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला. बटण दाबलं की पिन लो होते, फर्मवेअर ते यूएसबीवरून कळवतं, आणि पीसीला वाटतं एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडलाय. कुठली पिन म्हणजे कुठलं बटण हे ब्राउझरमधून ठरवता येतं, कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, रेडीमेड स्वस्त पडतो. पहिल्या वेळी बरेचदा पडतो, मान्य. बटणं, डबा, वायरी, गन, सगळं धरलं तर बचत फारशी होत नाही. पिकोला मर्यादाही आहेत. अ‍ॅनालॉग पिन तीनच बाहेर आणल्यात आणि दोन स्टिकना चार लागतात, म्हणजे वेगळी चिप जोडावी लागते. म्हणून हा प्रकार मुख्यतः फायटिंग गेमच्या, फक्त बटणांच्या कंट्रोलरसाठी लोकप्रिय आहे. पण पैसे वाचतात असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय की दोन वर्षांनी बटण गेलं तर तुम्ही एक बटण बदलता, कंट्रोलर नाही.

आणि खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. बाजारातला कंट्रोलर गृहीत धरतो की तुम्हाला दोन हात आहेत, दोन्ही अंगठे चालतात आणि पंजा अमुक मापाचा आहे. ज्याचा एकच हात चालतो त्याने काय करायचं? मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंगांसाठी अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर काढला, १०० डॉलरचा, बाहेरून स्विच जोडता येणारा. चांगलंच केलं. पण घरच्या घरी, जिथे कोपर पोचतं तिथे एक मोठं बटण आणि पायाखाली दुसरं, हे या उघड्या फर्मवेअरने कितीतरी कमी खर्चात होतं. ज्याला गरज आहे त्याच्या शेजारी गन धरता येणारा एक माणूस असला की पुरे. तो माणूस आपण असायला नको का?

इथे कुलूप आडवं येतं. नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर परवाना नसलेल्या अ‍ॅक्सेसरीज ब्लॉक करायला सुरुवात केली. प्लेस्टेशन ४ वर अधिकृत किल्ली नसलेला कंट्रोलर साधारण आठ मिनिटांनी बंद पडतो. सुरक्षितता, दर्जा, चीटिंग वगैरे कारणं दिली जातात. चीटिंगची उपकरणं असतात हे खरंच आहे. पण ऑनलाइन मॅचमधल्या चीटिंगसाठी घरात एकटा खेळणाऱ्याचं बटण बंद करणं म्हणजे चोराला सोडून संन्याशाला फाशी! कन्सोल मी विकत घेतला, हात माझा, बटण माझं, आणि परवानगी मात्र तिसऱ्याची?

आणि या कुलपाला बळ कुणी दिलं? आपणच. बिघडलं की फेका आणि नवं घ्या, ही सवय लागलेल्या गिऱ्हाइकाला कुलूप दिसतच नाही. सरकारने २०२२ साली राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, पण ज्या समाजातले इंजिनिअरच स्क्रू उघडत नाहीत तिथे पोर्टल काय करणार?

लिनक्स, गिट, पोस्टग्रेस हे सगळं आपण दिवसभर फुकट वापरतो आणि त्यावर कंपनीचं बिल निघतं. त्या बदल्यात आपण दिलं काय? स्लो लोकल पकडा, ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवरून एक पिको आणि डझनभर बटणं आणा. बनवा. अडलं तर बग नीट लिहून कळवा. जमलं तर वायरिंग कसं केलं ते मराठीत लिहा, कलिन्याच्या एखाद्या पोराला उपयोगी पडेल. एवढंही नको असेल तर निदान ड्रॉवरमधला तो जुना कंट्रोलर बाहेर काढा आणि उघडून तरी बघा. वॉरंटी तशीही संपलेली असणार :-)